घड्याळ खरे होते : जलतरणपटू ड्यूक कहानामोकू

दि. ११ ऑगस्ट १९११ रोजी होनोलुलू बंदरात जलतरणाच्या शर्यती भरल्या होत्या. शर्यतीसाठी खास बांधलेला तलाव नव्हता. बंदरातील धक्क्यांमधले खारे पाणी हेच मैदान, आणि धक्क्यांवर दाटीवाटीने उभे असलेले नागरिक हेच प्रेक्षक. १०० यार्डांच्या शर्यतीचा इशारा झाला आणि एक उंच, सावळा तरुण पाण्याला जणू स्पर्शही न करता पुढे सरकत गेला. त्याची एकवीस वर्षे पूर्ण व्हायला अजून तेरा दिवस होते. तो दुसऱ्या टोकाला पोहोचला तेव्हा पंचांच्या घड्याळांनी ५५.४ सेकंद दाखवले. अमेरिकेचे नामवंत जलतरणपटू चार्ल्स डॅनियल्स यांच्या नावावरील विक्रमाहून ही वेळ ४.६ सेकंदांनी कमी होती. इतक्या कमी अंतराच्या शर्यतीत विक्रम सेकंदाच्या दशांशांनी मोडले जातात, सेकंदांनी नव्हे. पंचांचा स्वतःचाच विश्वास बसेना. अंतर पुन्हा मोजण्यात आले. ते पुरेपूर भरले.

ही वार्ता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय संघटनेकडे पोहोचली. तेथील अधिकाऱ्यांनी विक्रमाला मान्यता नाकारली. होनोलुलूकरांनी शर्यतीच्या घड्याळांऐवजी गजराची घड्याळे वापरली असावीत, अशी थट्टा झाली. पुढे समुद्राच्या प्रवाहाने पोहणाऱ्याला साहाय्य केले असावे, असेही कारण देण्यात आले. सुमारे ३,८०० किलोमीटर अंतरावरील एका बेटावरचा, कोणत्याही नामांकित प्रशिक्षकाकडे न शिकलेला एक मुलगा असा पोहू शकतो, एवढी एकच शक्यता कोणी विचारात घेतली नाही. त्या तरुणाचे नाव ड्यूक पाओआ कहानामोकू. पुढच्या तेरा वर्षांत तो तीन ऑलिंपिक स्पर्धांत उतरला आणि पाच पदके घेऊन परतला. परंतु त्याच्या आयुष्याची थोरवी केवळ त्या पदकांत नाही. अविश्वासाला त्याने ज्या रीतीने उत्तर दिले, त्या रीतीत ती आहे.

ड्यूकचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलू येथे झाला. हवाई तेव्हा एक स्वतंत्र राज्य होते. त्याला स्वतःचा राजवंश, स्वतःची भाषा आणि स्वतःचे कायदे होते. ड्यूक हे नाव ऐकून अनेकांना ती सरदारकीची पदवी वाटे. प्रत्यक्षात ते वडिलांकडून आलेले नाव होते. १८६९ मध्ये इंग्लंडच्या राणीचे पुत्र, एडिंबराचे ड्यूक, होनोलुलूला आले असताना वडिलांचा जन्म झाला होता आणि राजघराण्यातील बर्नीस पाउआही बिशप यांनी त्या भेटीची आठवण म्हणून बाळाला हे नाव दिले होते. तेच नाव थोरल्या मुलाला मिळाले. वडील पोलिस खात्यात होते. घरात सहा भाऊ, तीन बहिणी आणि बेताची मिळकत. वायकीकीच्या किनाऱ्यालगत, आईच्या माहेरच्या गोतावळ्यात ही भावंडे वाढली. अंगण संपले की समुद्र सुरू होई. वडीलधाऱ्यांनी एके दिवशी होडीतून पाण्यात टाकले आणि पोहणे आले, असे ड्यूकच्या बालपणाविषयी सांगितले जाई.

या बालपणावर एका मोठ्या घडामोडीची छाया होती. ड्यूक अवघा दोन वर्षांचा असताना, १८९३ मध्ये, साखरेच्या मळ्यांचे व व्यापाराचे हितसंबंध सांभाळणाऱ्या मंडळींनी अमेरिकी नौसैनिकांच्या उपस्थितीत राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केले. १८९६ मध्ये शाळांचे माध्यम इंग्रजीच असावे असा कायदा झाला आणि हवाईयन भाषा वर्गाबाहेर गेली. १८९८ मध्ये हवाई अमेरिकेत विलीन करण्यात आले. म्हणजे ड्यूक अक्षरे गिरवू लागला तेव्हा घरात बोलली जाणारी भाषा शाळेत परकी झाली होती, आणि त्याने आठ वर्षे पूर्ण करण्यापूर्वी त्याचे राज्य नकाशावरून नाहीसे झाले होते. उरला होता तो समुद्र. लाटेवर लाकडी फळी टाकून तिच्यावर उभे राहण्याची, आज सर्फिंग म्हणून जगभर ओळखली जाणारी कला ही हवाईयन लोकांची पिढ्यानपिढ्यांची ठेव. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या काळात ती मागे पडली होती. वायकीकीच्या मुलांनी ती पुन्हा उचलून धरली आणि त्या मुलांत ड्यूक अग्रभागी होता.

ड्यूकने बर्नीस बिशप यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या शाळेतही काही काळ शिक्षण घेतले. परंतु घरच्या गरजेपुढे ते अर्धवट राहिले. किनाऱ्यावर मिळेल ते काम करावे आणि उरलेला वेळ पाण्यात घालवावा, असा त्याचा दिनक्रम होता. वायकीकीला सधन गोऱ्या मंडळींचा क्लब आधीपासून होता. ड्यूक व त्याच्या मित्रांनी झाडाच्या सावलीत जमून आपला स्वतःचा क्लब काढला. त्याचे नाव हुई नालू, म्हणजे लाटांचे मंडळ. त्याच मंडळाच्या वतीने तो १९११ च्या शर्यतीत उतरला होता.

ड्यूकच्या वेगाचे रहस्य त्याच्या पायांत होते. हात आळीपाळीने पुढे टाकत पोहण्याची क्रॉल ही पद्धत त्या काळी नव्यानेच रूढ होत होती. बहुतेक जलतरणपटू पायांचा उपयोग कात्रीसारखा, थांबून थांबून करीत. ड्यूकचे पाय मात्र अखंड वरखाली हलत राहत. गुडघे किंचित सैल, घोटे मोकळे, आणि मोठ्या पावलांचा पाण्यावर सतत दाब. त्यामुळे शरीर पाण्यात खाली न जाता पृष्ठभागालगत राही आणि दोन हातांच्या मधल्या क्षणी वेग मंदावत नसे. ही पद्धत त्याला कोणी फळ्यावर काढून शिकवली नव्हती. लाटेच्या पुढे राहण्यासाठी शरीराने ती आत्मसात केली होती. कालांतराने तिला कहानामोकूंचेच नाव मिळाले.

अविश्वासाला उत्तर द्यायचे तर मुख्य भूमीवर जाऊन पोहून दाखवणे, एवढा एकच मार्ग होता. होनोलुलूच्या नागरिकांनी वर्गणी जमवली आणि १९१२ च्या आरंभी ड्यूक बोटीने अमेरिकेला निघाले. तेथे त्यांना प्रथमच कडाक्याची थंडी भेटली आणि प्रथमच बंदिस्त तलाव भेटला. समुद्रात भिंती नसतात. भिंतीला स्पर्श करून वळायचे आणि पायाने रेटा देऊन पुन्हा वेग घ्यायचा, हे तंत्र त्यांना ठाऊक नव्हते. पिट्सबर्गच्या एका लांब अंतराच्या शर्यतीत तर पायांत गोळे येऊन त्यांना अर्ध्यावर थांबावे लागले. ज्यांनी त्यांच्या विक्रमावर शंका घेतली होती, त्यांना ही शंका खरी ठरल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. ड्यूकनी मात्र ना बंदराच्या पाण्याची महती सांगितली, ना थंडीची तक्रार केली. फिलाडेल्फियात जॉर्ज किस्लर या प्रशिक्षकाच्या हाताखाली ते नवशिक्याप्रमाणे उडी व वळण शिकले. काही आठवड्यांत ऑलिंपिक संघातील त्यांची जागा निश्चित झाली.

१९१२ ची ऑलिंपिक स्पर्धा स्वीडनमधील स्टॉकहोम येथे होती. जलतरणाचा मार्ग समुद्राच्या खाडीतच आखला होता आणि तो १०० मीटर लांबीचा असल्याने १०० मीटरच्या शर्यतीत वळण नव्हतेच. ड्यूकनी पहिल्या फेऱ्या सहज जिंकल्या. मग एक अनर्थ ओढवता ओढवता टळला. वेळापत्रकाच्या गैरसमजुतीमुळे ड्यूक व त्यांचे अमेरिकी सहकारी उपांत्य फेरीला हजरच राहिले नाहीत. नियमाप्रमाणे ते स्पर्धेतून बाद झाले होते. त्यांच्या अनुपस्थितीत सुवर्णपदकावर सर्वांत भक्कम हक्क ऑस्ट्रेलियाच्या सेसिल हीली यांचा होता. हीली यांना काहीही करायची आवश्यकता नव्हती. केवळ मौन पाळले असते तरी पुरे होते. त्यांनी मौन पाळले नाही. जगातील सर्वांत वेगवान जलतरणपटूला वगळून मिळवलेल्या विजयाला अर्थ नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी अमेरिकी खेळाडूंना संधी मिळावी असा आग्रह धरला. त्यांच्यासाठी स्वतंत्र फेरी घेण्यात आली. ड्यूकनी ती जिंकून अंतिम फेरी गाठली.

अंतिम फेरीत ड्यूक कहानामोकूंनी ६३.४ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. हीली ६४.६ सेकंदांत दुसरे आले. होनोलुलूच्या घड्याळांवर हसणाऱ्यांना आता स्टॉकहोमच्या घड्याळांनी उत्तर दिले होते. पण ही साक्ष देण्याची संधी ड्यूकना मिळाली, ती त्यांच्या वेगावर विश्वास ठेवणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्यामुळे. नियतीने हीली यांनाही रिकाम्या हातांनी परत पाठवले नाही. चार गुणिले दोनशे मीटरच्या रिले शर्यतीत हीली यांच्या संघाने सुवर्ण जिंकले आणि ड्यूक यांच्या अमेरिकी संघाला रौप्यावर समाधान मानावे लागले. सहा वर्षांनी, २९ ऑगस्ट १९१८ रोजी, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर सेसिल हीली यांना वीरमरण आले.

त्या काळी ऑलिंपिक केवळ हौशी खेळाडूंसाठी होते. खेळातून एक पैसाही मिळवणे हा अपराध मानला जाई. स्टॉकहोममध्ये ड्यूक यांच्याच संघातून दोन सुवर्णपदके जिंकणारे, अमेरिकेच्या मूळ रहिवासी समाजातील जिम थॉर्प यांनी पूर्वी बेसबॉल खेळून किरकोळ मानधन घेतल्याचे उघड होताच १९१३ मध्ये त्यांची पदके काढून घेण्यात आली. ज्याच्या घरी पिढीजात पैसा आहे त्याला हा नियम सुसह्य होता. ड्यूकसारख्या खेळाडूला तो जाचक होता. जगभर नाव, गळ्यात सुवर्णपदक आणि खिशात काहीच नाही, अशी त्यांची स्थिती होती. तरीही त्यांनी नियम पाळला.

१९१४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या निमंत्रणावरून ड्यूक सिडनीला गेले. २ जानेवारी १९१५ रोजी तेथे त्यांनी १०० यार्ड अंतर ५३.८ सेकंदांत पार करून नवा विश्वविक्रम केला. परंतु ऑस्ट्रेलियाने त्यांना अधिक लक्षात ठेवले ते दुसऱ्याच कारणासाठी. सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्यांनी स्थानिक लाकडापासून फळी तयार केली आणि लाटेवर उभे राहून ते किनाऱ्यापर्यंत आले. एका वेळी तर त्यांनी इझाबेल लेथॅम नावाच्या स्थानिक मुलीलाही फळीवर सोबत घेतले. ती फळी तेथील क्लबने आजही जपून ठेवली आहे. ज्या कलेला एके काळी मागास ठरवून बाजूला सारले गेले होते, तिचे धडे आता परदेशी तरुण उत्सुकतेने गिरवू लागले.

१९१६ ची ऑलिंपिक स्पर्धा महायुद्धामुळे झाली नाही. वेगवान जलतरणपटूच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे अशी निघून गेली. या काळात ड्यूकनी रेडक्रॉसच्या मदतीसाठी पोहण्याची प्रात्यक्षिके केली. १९२० मध्ये बेल्जियममधील अँटवर्प येथे ते पुन्हा उतरले. १०० मीटरची अंतिम फेरी २४ ऑगस्टला, त्यांच्या तिसाव्या वाढदिवशी झाली. त्यांनी ६०.४ सेकंदांत विश्वविक्रमासह ती जिंकली. मात्र शेजारच्या अमेरिकी खेळाडूमुळे आपल्याला अडथळा झाला, अशी तक्रार ऑस्ट्रेलियाच्या विल्यम हेराल्ड यांनी केली आणि शर्यत पुन्हा घेण्याचे ठरले. तक्रार ड्यूक यांच्याविरुद्ध नव्हती, तरी त्यांचे हाती आलेले पदक पुन्हा पणाला लागले. आठ वर्षांपूर्वी एका ऑस्ट्रेलियनाच्या आग्रहाने घेतलेल्या जादा फेरीने त्यांना सुवर्णाची संधी दिली होती; आता दुसऱ्या ऑस्ट्रेलियनाच्या तक्रारीमुळे ती पुन्हा सिद्ध करावी लागत होती. ड्यूक पुन्हा पाण्यात उतरले आणि पुन्हा पहिले आले. रिले शर्यतीतील सुवर्णाने त्यांच्या सुवर्णपदकांची संख्या तीन झाली.

१९२४ साली पॅरिसला गेले तेव्हा ते चौतिसाव्या वर्षात होते. त्यांच्या शेजारी वीस वर्षांचा जॉनी वाइसम्युलर उभा होता आणि त्यांचा धाकटा भाऊ सॅमही त्याच शर्यतीत होता. वाइसम्युलरने ५९ सेकंदांत ही शर्यत जिंकली. ड्यूक ६१.४ सेकंदांत दुसरे आले, सॅम तिसरा. एकाच घरातील दोन भाऊ एकाच शर्यतीत पदकाचे मानकरी ठरले. वयाच्या या टप्प्यावरही ड्यूक यांची वेळ स्टॉकहोमच्या सुवर्णाहून दोन सेकंदांनी सरस होती. काळच त्यांच्या पुढे निघून गेला होता. आपल्याला हरवणाऱ्याचे त्यांनी मोकळ्या मनाने कौतुक केले. इतरांच्या वेगावर अविश्वास दाखवण्याची सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली नव्हती.

पॅरिसनंतरचा काळ त्यांनी कॅलिफोर्नियात काढला. चित्रपटांत लहानसहान भूमिका मिळत. पण नायकाची भूमिका त्यांच्या सावळ्या वर्णाला कधीच मिळाली नाही. त्याच वर्णामुळे काही उपाहारगृहांची दारेही बंद होती. याच काळात, १४ जून १९२५ रोजी, त्यांच्या हातून जे घडले त्याची कोणत्याही पदकाशी तुलना होऊ शकत नाही. कॅलिफोर्नियातील न्यूपोर्टच्या बंदरमुखाशी पहाटे थेल्मा नावाची मासेमारीची नौका प्रचंड लाटांत उलटली. नौकेवर २९ माणसे होती. ड्यूक व त्यांचे काही मित्र किनाऱ्यावर होते. आपली सर्फिंगची फळी घेऊन ड्यूक उसळत्या पाण्यात शिरले. बुडणाऱ्यांना फळीवर ओढून घेत, किनाऱ्यावर सोडत, पुन्हा मागे वळत त्यांनी तीन खेपा केल्या. वाचलेल्या बारा जणांपैकी आठ जण एकट्या ड्यूकनी वाचवले. सतरा जणांना सागराने गिळले. या घटनेनंतर बुडणाऱ्यांच्या सुटकेसाठी अशी फळी वापरण्याची पद्धत जीवरक्षकांनी उचलली. त्या सकाळी कोणी घड्याळ लावले नव्हते.

पुढे ते होनोलुलूला परतले. पोट भरण्यासाठी त्यांनी पेट्रोल पंप चालवला, सरकारी इमारतीची देखभाल केली. काम कोणतेही असो, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यानंतर होनोलुलूच्या जनतेने त्यांना शेरीफ म्हणून निवडले आणि १९६१ पर्यंत, सलग तेरा वेळा, निवडत राहिली. २ ऑगस्ट १९४० रोजी नदीन अलेक्झांडर या नृत्यशिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य बनले. स्वतंत्र राज्यात जन्मलेला हा माणूस आता त्या राज्याचा अधिकृत स्वागताध्यक्ष झाला आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या गळ्यात फुलांची माळ घालू लागला. आपल्या भूमीवर झालेला अन्याय विसरल्याची ती खूण नव्हती. अलोहा हा हवाईयन शब्द स्वागत, निरोप आणि स्नेह या तिन्हींसाठी वापरला जातो. त्या शब्दाप्रमाणे वागण्याचा तो निर्धार होता.

२२ जानेवारी १९६८ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने ड्यूक कहानामोकू यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी वायकीकीच्या समुद्रात विसर्जित करण्यात आल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, त्यांच्या बालपणी शाळेबाहेर काढलेल्या हवाईयन भाषेला राज्याच्या संविधानात अधिकृत स्थान मिळाले. १९९० मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, वायकीकीच्या किनाऱ्यावर त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. दोन्ही हात पसरून तो येणाऱ्याचे स्वागत करतो आणि येणारे त्या हातांवर फुलांच्या माळा चढवतात. पुतळ्याची पाठ समुद्राकडे आहे, याबद्दल मात्र अनेक होनोलुलूकर कुरकुर करीत. ड्यूक समुद्राकडे कधी पाठ फिरवणार नाहीत, एवढे ते त्यांना ओळखून होते.

ड्यूक कहानामोकू यांचा एकही विक्रम आज अबाधित नाही. विक्रम हे मोडण्यासाठीच असतात. अबाधित आहे तो १९११ च्या त्या दिवसाचा प्रश्न. अपेक्षा नसलेल्या ठिकाणाहून, अपेक्षा नसलेल्या घरातून एखादे मूल असामान्य वेगाने पुढे आले, तर भोवतालची मोठी माणसे प्रथम काय करतात? बहुधा घड्याळाकडे संशयाने पाहतात. होनोलुलूच्या नागरिकांनी मात्र अंतर पुन्हा मोजले, मग वर्गणी काढली आणि आपल्या मुलाला बोटीत बसवले. सेसिल हीली यांनी आपले सुवर्ण पणाला लावून त्याच्यासाठी एक फेरी मागून घेतली. त्या मुलाने पुढे जे केले ते त्याच्या पायांचे बळ होते. परंतु त्या पायांना पाणी मिळवून दिले ते त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी. शाळा आणि घर यांनी मुलांसाठी करण्याजोगे याहून मोठे काम क्वचितच असेल.